नियम क्रमांक नऊ

सूड घ्यायला मला एक वर्ष लागलं. त्या वर्षात मी रोज पाच वेळा नमाज पढत होते, शाळेत दुसरीच्या मुलांना पाढे शिकवत होते, घरचं सगळं करत होते, आणि हे करताना एक माणूस माझ्या डोक्यातून हलत नव्हता. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक. मी त्यांना सर म्हणायचे. अजूनही म्हणते, जिभेला सवय झाली आहे.

फुटबॉल आमच्या मौलानांनी सुरू केला. महाडमध्ये पूर येऊन गेला त्यानंतरचा हिवाळा होता. बाजाराला लागून आमचा मोहल्ला. घरं इतकी चिकटून की एका घरात फोडणी पडली की तीन घरांत ठसका लागतो. पोरांना खेळायला जागा म्हणजे गल्ली, आणि त्या गल्लीत पुरात सडलेल्या गाद्या, फुगलेल्या फळ्या अजून पडून होत्या. शाळा सुटली की पोरं नाक्यावर मोठ्यांच्या मोबाइलमध्ये डोकी घालून बसायची. मौलाना बाहेरगावचे, तरुण, मदरशात शिकताना भरपूर खेळलेले. एका जुम्याला त्यांनी जाहीर केलं, "असरच्या नमाजनंतर संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत खेळ. आपली मुलं, शेजारची मुलं, ज्याला यायचं त्यानं यावं." दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "आपा, तुम्ही कॉलेजात खेळायच्या असं ऐकलं. चाळीस पोरं मला एकट्याला आवरायची नाहीत."

मी डी.एड.ला असताना हँडबॉल खेळले होते. तरीही हो म्हटलं.

गांधारी नदीकडच्या एका शेतकऱ्यानं भात काढलेलं शेत दिलं. "दरसाल वाल टाकतो," तो म्हणाला, "यंदा नाय टाकत. पुरात तुमच्याच पोरांनी माझी म्हस काढली व्हती. खेळू दे." भाताची धसकटं पायांत घुसायची. पहिला आठवडा आम्ही चेंडूला हात न लावता नुसती धसकटं उपटली.

मौलानांचे नियम दोनच. शिवी दिली की त्या दिवशी सगळ्यांच्या बाटल्या भरून आणायच्या. आणि आपल्या धक्क्यानं कोणी पडला तर त्याला उठवल्याशिवाय पुढं पळायचं नाही. या दुसऱ्या नियमापायी आम्ही किती गोल खाल्ले असतील! मी वैतागायचे. मौलाना म्हणायचे, "आपा, गोल कुठं पळून जातोय?" खेळ सुरू करताना आमची मुलं बिस्मिल्लाह म्हणत, कुंभारांची दोन मुलं मातीला हात लावून कपाळाला लावत, आणि मग सगळी एकाच आवाजात बोंबलत सुटत.

पुढच्या हिवाळ्यात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेत आम्ही संघ उतरवला. स्पर्धेचे सचिव सर होते, आणि त्यांच्या शाळेचा संघही त्यांचाच होता. आमची पोरं दोन सामने जिंकली. तिसरा, उपांत्य सामना, सरांच्या संघाशी.

त्या सकाळी पोरांनी बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या, गोलकीपरनं हातमोजे चढवले होते. तेवढ्यात सर हातात कागद घेऊन आले. "मॅडम, दोन मुलांचे जन्मदाखले झेरॉक्स आहेत. मूळ दाखले दाखवा."

"सर, पुरात गेले. तुम्हाला माहीत आहे. अर्ज दिलाय, दुसरे मिळायचेत."

त्यांनी नियमांचा कागद पुढं धरला. नियम क्रमांक नऊ: कोणत्याही एका खेळाडूच्या वयाचा पुरावा ग्राह्य नसल्यास संपूर्ण संघ बाद. फॉर्म पंधरा दिवस त्यांच्याकडे होते. पंधरा दिवस ते काही बोलले नव्हते.

त्या दोन मुलांपैकी एक आमचा डाव्या बाजूनं खेळणारा, भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा. त्याच पाण्यात त्याच्या बापाचं दुकान गेलं होतं आणि हा दोन दिवस आईबरोबर पत्र्यावर बसून होता. तो पुढं झाला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "सर, माझा दाखला पाण्यात गेला."

सर म्हणाले, "मग पाण्याला विचार."

आजूबाजूचे काही लोक हसले. मुलगा माझ्याकडे बघायला लागला, आता काय करायचं असं. सरांचा संघ न खेळता अंतिम सामन्यात गेला आणि कप घेऊन आला.

परत येताना रिक्षात मौलाना पोरांना सबरबद्दल सांगत होते. मी मागच्या रिक्षात होते, मला ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायचंही नव्हतं. आठवड्यानं मीच त्यांना विचारलं, "मौलाना, बदला घेणं गुनाह आहे का?" ते म्हणाले, "जेवढी इजा झाली तेवढंच परत करायची मुभा आहे, आपा. त्याहून काडीभर जास्त नाही. आणि माफ करणं त्याहून मोठं." मी त्यातलं पहिलं तेवढं उचललं आणि घरी आले.

त्या वर्षी मी सगळ्या मुलांचे दाखले मिळवले. शाळा सुटली की नगरपालिका, तिथून तहसील, तिथून सेतू. "बाई, उद्या या" हे मी इतक्यांदा ऐकलं की शिपाई मला बघूनच चहा सांगायला लागला. प्रत्येक दाखला प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला. घरात ती फाइल कपाटात, कुराणशरीफच्या खालच्या कप्प्यात. आणि नियम नऊ मला तोंडपाठ झाला. भाकरी थापताना मी तो मनात म्हणायचे.

पुढच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीच्या दिवशी सरांच्या संघातला एक मुलगा धावत माझ्याकडे आला आणि वाकून पाया पडला. "बाई, वळखलंत का?"

आधी ओळखलं नाही. मग हनुवटीवरची जुनी खोक दिसली. माझी पहिली नेमणूक वरंधच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या शाळेत होती. तिथं पहिलीत याचं नाव मीच दाखल केलं होतं. त्याची आई त्याला कडेवर घेऊन आली होती, सहा वर्षांचा असून, कारण वाटेत ओढा होता. आता तो सरांच्या शाळेच्या वसतिगृहात राहत होता. अंगानं अजून लहान चणीचा, पण काय पळायचा! "बाई, तुमची पोरं बी भारी खेळतात," म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मनात बोटं मोजली. नऊ वर्षं झाली होती. हा पंधरा पूर्ण होता.

फळ्यावर लावलेल्या यादीत त्याचं वय तेरा होतं.

तेव्हाच सांगितलं असतं तर सरांनी चूक झाली म्हणून त्याला वगळलं असतं, दुसरा मुलगा घेतला असता. म्हणून मी गप्प राहिले. शनिवारी दुपारी एस.टी.नं वरंधला गेले, तिथून वाडीत चालत. तिथले आताचे गुरुजी माझ्या ओळखीचे. जनरल रजिस्टर काढलं. माझंच अक्षर, निळी शाई. त्यांनी शिक्का मारून उतारा दिला. उतरताना वाटेत मुलाची आई भेटली, गवताचा भारा डोक्यावर. "बाई, कवा आलात? घरी या ना गो!" मी म्हटलं, गाडी चुकेल. गाडीला तासभर होता.

अंतिम सामना आमचा नि सरांचाच ठरला. मी थांबले. त्यांच्या पोरांनी नाड्या बांधल्या, गोलकीपर दोन्ही खांबांना हात लावून आला. मग मी समितीच्या टेबलाशी गेले आणि लेखी हरकत ठेवली, सोबत उतारा. समितीत एक म्हातारे निवृत्त शिक्षक होते. त्यांना म्हटलं, "नियम नऊ मोठ्यानं वाचाल का?" त्यांनी वाचला. ते वाचत असताना मी फक्त सरांच्या तोंडाकडे बघत होते. असा आनंद मला लग्नात झाला नव्हता, मुलगी झाली तेव्हाही वेगळाच होता. खोटं कशाला सांगू?

"हा कागद कुठून आणलात?" सर म्हणाले.

"डोंगराला विचारा."

हे वाक्य मी एस.टी.त बसून तयार केलं होतं.

त्यांचा आवाज उतरला. "मॅडम, मुलांकडे तरी बघा."

"मागच्या वर्षी तुम्ही बघितलंत?"

संघ बाद झाला. सरांनी पिशवी उचलली. पोरं रडत होती, काही आमचीही. तो वाडीतला मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाई, माझं नाव तुमीच लिवलं व्हतं ना?"

"हो."

त्यानं बूट काढले, ते शाळेचे होते. सरांच्या पिशवीजवळ नीट जोडीनं ठेवले आणि अनवाणी एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालायला लागला.

आमच्या कप्तानानं मला विचारलं, "आपा, आपण जिंकलो?"

"जिंकलो."

"मग खेळायचं कधी?"

कप हातात आला तेव्हा एकाही पोरानं तो वर उचलला नाही. मशिदीच्या पायऱ्यांशी आल्यावर मौलाना म्हणाले, "आपा, त्या मुलाला तुम्ही आधीच ओळखलं होतं?"

"हो."

"तरी आजपर्यंत थांबलात?"

"त्यांनी आपल्याला मैदानावर, नाड्या बांधल्यावर रडवलं होतं. मीही तसंच केलं. तेवढ्यास तेवढं. तुम्हीच म्हणालात, मुभा आहे."

"सर रडले?"

सर रडले नव्हते.

पंधरा दिवसांनी कळलं, त्या मुलाला वसतिगृहातून काढलं. वय त्यानंच चोरलं असं कागदावर आलं होतं. मी वाडीत गेले. आई ओटीवर नाचणी निवडत होती. तिनं पाणी दिलं, पाट दिला. "तुमच्यावर राग नाय, बाई," ती म्हणाली, "पर त्याची धाव्वी हाय. हितनं रोज जायाला गाडी नाय." मुलगा आतून आला आणि दारालाच टेकून राहिला. "मला ठावं व्हतं वय," म्हणाला. "सर बोलले, इचारलं तरी बोलायचं नाय. मी नाय बोललो."

परत येताना मला स्वतःची लाज वाटायला हवी होती. वाटलीही, अर्ध्या वाटेपर्यंत. मग ती सगळी सरांवर उलटली. पोराचं वय यांनी कमी केलं, कप यांना हवा होता, आणि शेवटी दोष पोराच्या माथ्यावर घालून हे मोकळे.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्यांच्या मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर बाकावर जाऊन बसायला लागले. हातात अर्ज, त्याला उतारा, स्पर्धेचा फॉर्म, आणि फॉर्मवर सरांची सही. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मौलाना माझ्या शेजारी येऊन बसले, तसबीचे मणी ओढत. चौथ्या दिवशी आम्हाला आत बोलावलं.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"मुलगा वसतिगृहात परत. आणि फॉर्म कोणी भरला ते कागदावर."

मौलाना हळूच म्हणाले, "पहिलं झालं तरी पुरे आहे, साहेब."

"मला पुरे नाही," मी म्हटलं.

मुलगा आठवड्याभरात परत आला. सरांकडचं क्रीडा खातं गेलं, सचिवपद गेलं, आणि जूनमध्ये त्यांची बदली त्याच संस्थेच्या पोलादपूरकडच्या शाळेत झाली. गावात काही जण म्हणतात, बाईनं इथं घरदार असलेला माणूस हलवला. हलवला. रोज एस.टी.चे धक्के खात जातात असं ऐकते, आणि ऐकून मला बरं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात ते मला पोलादपूरच्या स्टँडवर दिसले. हात गळ्यात बांधलेला, प्लॅस्टर. मी लग्नाहून येत होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बरं आहे ना? पोरांचा खेळ चालू आहे?"

"चालू आहे," मी म्हटलं. हाताला काय झालं ते विचारलं नाही. कोणीही विचारलं असतं. त्यांनी बाकावरची पिशवी बाजूला सरकवून माझ्यासाठी जागा केली होती. मी महाडची गाडी येईपर्यंत उन्हात उभी राहिले.

या वर्षी स्पर्धेचे फॉर्म भरायला मौलाना स्वतः गेले. फाइल माझ्याकडून मागून घेतली आणि म्हणाले, "आपा, तुम्ही पोरांना पास शिकवा. कागद मी बघतो." मला ते लागलं, पण मी दिली.

तो वाडीतला मुलगा दहावी पास झाला. आता बारावीला महाडमध्येच आहे आणि रविवारी आमच्या शेतावर येतो, लहान पोरांना डाव्या पायानं मारायला शिकवतो. मौलानांनी बोलावलं म्हणून येतो. त्यांच्याशी हसून बोलतो, पोरांना खांद्यावर घेतो. माझ्याशी कामापुरतं, "बाई, चेंडूत हवा कमी हाय," एवढंच. मी त्याला दोष देत नाही. सरांना देते.