वहिनीने ते मशीन कुणासाठी जोडलं

मंदारचा फोन आला तेव्हा मी बराकपूरच्या बाजारात परवल निवडत होते. "आत्या, आई गेली गं…" एवढंच तो बोलला. नलिनीवहिनीला न्यूमोनिया झाला होता, पण उतार पडतोय असं आदल्या दिवशीच डॉक्टर म्हणाले होते. हातातली परवलं तशीच टोपलीत टाकून मी स्टेशन गाठलं. सियालदहला उतरून बालीगंजला तिच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं नाही. ते आलं नंतर, तिच्या स्वयंपाकघरात, भिजत घातलेली मटकी दिसली तेव्हा.

पुढच्या आठवड्यात इथली मराठी मंडळी तिच्याच फ्लॅटवर जमली. प्रत्येकाने काहीतरी सांगितलं. गणपतीतली तिची आरास, उकडीच्या मोदकांच्या कळ्या, कधी कुणावर आवाज न चढवणं. मलाही बोलायला लावलं. मी दादाच्या बँकेतल्या बदल्या, प्रत्येक गावी तिने नव्याने मांडलेलं घर, दादा गेल्यावर इथेच एकटीने राहायचा तिचा निर्णय, असं सगळं बोलले आणि खाली बसले. भिंतीपलीकडे तिच्या खोलीत ते मशीन होतं. तिची शेवटची वर्षं ज्याच्यासमोर गेली, त्याबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. तिच्याबद्दलच्या आदरापोटी नाही… मला लाज वाटली. माणूस गेल्यावरसुद्धा त्याच्या आवडीची लाज वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

सांगायचं ते असं, की माझी वहिनी विमान चालवत असे. कॉम्प्युटरवर. मंदारने पुण्याला जाताना ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर तिला कुठूनतरी तो प्रकार सापडला. बसायचं, विमान धावपट्टीवर आणायचं, उडवायचं आणि खाली खरोखरची नदी, खरी गावं, खरे ढग बघत जायचं. लॅपटॉप बिचारा तापून लाल व्हायचा. विमान हुगळीवर आलं की फोटोसारखं थांबायचं आणि पुन्हा हलेपर्यंत पडलेलं असायचं. "मला चांगलं मशीन जोडून घ्यायचंय," ती मला म्हणाली, आणि लगेच, "कुणाला बोलू नकोस हं." तेव्हा ती साठी ओलांडलेली होती. मी विचारलं, "वहिनी, तुला लहानपणी पायलट व्हायचं होतं का?" ती म्हणाली, "छे गं! गणित कुठे येत होतं मला? मला नुसतं वर जायचं असायचं."

मग कित्येक महिने तिचा अभ्यास चालला. व्हिडिओ बघून बघून ती इतकी तयार झाली की मला फोनवर शिकवायची. प्रोसेसर कितीही भारी घेतला आणि ग्राफिक्स कार्ड कमी पडलं तर ढग अडकतात. रॅमवर काटकसर करायची नाही. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा थोडा मोठाच घ्यायचा, म्हणजे त्याला धाप लागत नाही. हे "धाप लागत नाही" तिचंच. पण ती जे निवडत होती, त्यातलं अर्धं तिची लाज निवडत होती, हे मला हळूहळू समजलं. कॅबिनेट काचेचं नको, रंगीत दिवे तर मुळीच नकोत. काळं, बंद, कपाटासारखं हवं. पंखे मोठे आणि सावकाश फिरणारे, म्हणजे शेजारी आवाज जाणार नाही. आल्यागेल्याला ती वस्तू दिसली तरी काय आहे ते कळू नये, अशी तिची सगळी धडपड.

खरेदीला आम्ही दोघी एस्प्लनेडच्या पुढे, चांदनीच्या कॉम्प्युटरच्या दुकानांच्या गल्लीत गेलो. दुकान एका तपनबाबूंचं होतं. चष्मा कपाळावर, बोलायला भारी हौशी. वहिनीने पर्समधून शिवणाची टेप काढली आणि ग्राफिक्स कार्डाचा खोका बाजूला ठेवून कार्डच मोजलं, मग कॅबिनेटची आतली बाजू मोजली. "ये इसमें नहीं बैठेगा," ती म्हणाली. तपनबाबूंनी स्वतः मोजून पाहिलं आणि हसून मोठं कॅबिनेट काढलं. दिवेवाल्या रॅमचा त्यांनी फार आग्रह केला. तीही हटली नाही. दोघांची अशी रंगात येऊन घासाघीस चालली होती की मला वाटलं, हिला मी इतकी खुशीत कधी पाहिलीच नाही. आणि तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "माशीमा, नातीर जोन्नो?" मावशी, नातवासाठी का, असं. दुकानातली दोन-चार पोरं आमच्याकडे बघत होती. वहिनीचा चेहरा एकदम उतरला. "हां," ती म्हणाली, "पोते के लिए." "नाम क्या है?" … "अर्णव."

मंदार आणि ऋचाला मूल नाही. किती डॉक्टर झाले, किती वेळा आशा लागली आणि गेली, ते आम्हा घरच्यांना माहीत. मी वहिनीकडे पाहिलं, तिने नजर टाळली. टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "तोंडून निघून गेलं गं." पण एकदा निघालेलं नाव परत आत जात नाही. नंतर जॉयस्टिक आणायला गेलो, पंखा बदलायला गेलो, दर वेळी तपनबाबू विचारायचे, अर्णव खुश आहे ना? परीक्षा कशी गेली? आणि वहिनी उत्तरं द्यायची. अर्णव सातवीत गेला, अर्णवला चष्मा लागला… मी बाजूला उभी राहून पायाखालची फरशी बघत राहायचे.

मग त्या वर्षी दुर्गापूजेच्या सुट्टीत मंदार आणि ऋचा आले. मंदार सॉफ्टवेअरमधला माणूस; त्या बंद काळ्या कपाटाचं झाकण उघडायला त्याला कितीसा वेळ लागणार! आत बघून तो उडालाच. "आई, हे काय आहे? कुणी तुझ्या गळ्यात मारलं?" मी तिथेच चहा घेत होते. वहिनी पदर चाचपत म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? दुकानदाराने दिलं, मी घेतलं." तिला वाटलं विषय तिथे संपेल. मंदार मात्र पेटला. म्हातारी बाई बघून फसवतात म्हणजे काय! दुकान सुट्टीनंतर उघडलं त्याच दिवशी आम्हा तिघींना घेऊन तो तिथे गेला. वहिनी वाटेत दोनदा म्हणाली, "जाऊ दे ना रे." त्याने ऐकलं नाही.

दुकानात गिऱ्हाइकं होती. मंदारने हिंदीत जे तोंड सोडलं, ते इथे लिहीत नाही. तपनबाबू आधी गोंधळून गेले, मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते वहिनीकडे वळले. "माशीमा, मैंने आपको ठगा? आपने अर्णव के लिए लिया था ना?"

"कौन अर्णव?" मंदारने विचारलं.

"आपका बेटा…"

ऋचाला सगळ्यांच्या आधी कळलं. ती दुकानाच्या पायऱ्या उतरून गल्लीत जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. त्यानंतर वहिनी बोलली. मला वाटलं होतं ती रडेल. पण ती सरळ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "इन्होंने नहीं ठगा. एक एक चीज मैंने पसंद की. मशीन मेरा है. मैं खेलती हूँ. अर्णव कोई नहीं है." मग तपनबाबूंना हात जोडून, "माफ कीजिए." कुणीतरी पोरगा फसकन हसला. तपनबाबूंनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला आणि मागच्या खोलीत निघून गेले. आम्ही तिथे असेपर्यंत ते बाहेर आले नाहीत.

परतताना टॅक्सीत मंदार म्हणाला, "मला सांगायचं ना, आई."

"लाज वाटली रे."

"माझी?"

"नाही. माझीच."

ऋचा खिडकीतून बाहेर बघत होती. त्या मुक्कामात ती वहिनीशी कामापुरतंच बोलली, आणि तिला दोष देणं मला जमणार नाही. जाताना नमस्कार केला तेवढाच. वहिनी पुढे कितीतरी दिवस मशीनला हात लावत नव्हती. मग एकदा, हिवाळा संपता संपता, पुण्याहून तिला ऋचाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "आई, आज कुठे उतरलात?" हे वहिनीनेच मला सांगितलं. फोनवर मला तिचं नाक ओढणं ऐकू आलं. त्या संध्याकाळी तिने पुण्याच्या धावपट्टीवर विमान उतरवलं, म्हणे, जरा वाकडंच. तेव्हापासून ती खोलीचं दार सताड उघडं टाकून बसू लागली. जिन्यावरून जाणाऱ्या बंगाली शेजारणी डोकावून विचारायच्या, आज कुठे? ती हातातली जॉयस्टिक न सोडता ओरडून गावाचं नाव सांगायची. कधीच आवाज न चढवणारी माझी वहिनी!

फ्लॅट भाड्याचा होता, तो सोडला. मशीन मंदारने माझ्याकडे बराकपूरला पाठवलं. "आत्या, तूच ठेव," म्हणाला. आमच्या मागच्या खोलीत ते आहे. दुपारी जेवणं झाली की मी त्याच्यासमोर बसते. मला उडवता येत नाही, धावपट्टी संपायच्या आत मी गवतात जाते. हे छापून आलं की इथले मराठी लोक वाचतील, आमच्या मंडळातल्या बायका आपापसात बोलतील. बोलू देत. वहिनीबद्दल त्या सभेत जे सांगायला हवं होतं, ते निदान आता सांगितलं. पण मशीनसमोर बसण्याआधी मी खोलीची कडी लावून घेते. बाहेरून हे विचारतात, "काय चाललंय?" आणि मी म्हणते, "काही नाही… पडलेय जरा."