एकनाथ तामोरेची बिनखिळ्याची खोली

कमी खर्चात घर कसं सजवावं हे सांगणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर एकदा बघायला मिळावं, अशी माझी फार जुनी इच्छा आहे. आमच्या सौभाग्यवतींकडे एक मासिक यायचं. त्यात 'कमी खर्चात टुमदार घर' नावाचं सदर. वर लेखिकाबाईंचा फोटो. फोटोत बाईंच्या मागे पितळी समयांचा जो जोड चमकायचा, तो विकला असता तर आमच्या चाळीतल्या चार खोल्या टुमदार होऊन वर फरशी बसली असती. बाई लिहायच्या, "अक्रोडाची रिकामी टरफलं फेकू नका." आम्ही कधीच फेकली नाहीत. त्र्याऐंशी सालच्या बोईसरात आमच्यापैकी कोणी अक्रोड पाहिलाच नव्हता.

तरीही चाळ सजलेली होती. खैरापाड्याच्या रस्त्याला गोजराबाईंची ती आठ खोल्यांची कौलारू चाळ, आणि आठांपैकी सात खोल्यांत शोकेस. आमच्याही. आमच्या शोकेसमध्ये कोणी कधी चहा न प्यालेला कपांचा संच, प्लॅस्टिकची द्राक्षं आणि वायरीचा एक कुत्रा होता. कुत्र्याला चारऐवजी तीन पाय होते, कारण वायर संपली होती. शोकेसला कुलूप आणि किल्ली सौ.च्या कमरेला. आमचा पाच वर्षांचा चिरंजीव काचेला नाक लावून द्राक्षांकडे बघत उभा राहायचा, आणि मग काचेवरचा नाकाचा डाग आम्ही त्यालाच पुसायला लावायचो. याला आम्ही मुलांना सौंदर्यदृष्टी देणं म्हणत होतो.

आठव्या खोलीत एकनाथ तामोरे राहायचा. शोकेस नसलेला.

एकनाथ दांडीचा, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावचा. दांडीला बापाची होडी होती, पण होडी एक आणि भाऊ तीन. शेवटी धाकटा म्हणून याला कारखान्यात चिकटवला. समुद्रावर वाढलेला तो सहा फुटी गडी आमच्या खोल्यांच्या दारांत मावत नसे. आत शिरताना वाकायचा, आणि बाहेर येताना वाकायचं विसरायचा. कपाळावर कायम एक टेंगूळ. बायको हिरा आणि दोन पोरं दांडीलाच. हिराचा मासळीचा धंदा चोख होता. बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या नवऱ्याच्या खुराड्यात येऊन तिनं काय करायचं? एकनाथ सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं गावी जायचा आणि संध्याकाळी परत.

एका सोमवारी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. टेंगूळ नेहमीचंच, पण चेहरा वेगळा.

"भाऊ," तो म्हणाला, "काल घरी गेलो, तर जिव्या दारातनं ओरडला, 'आये, पावना आला!'"

जिव्या म्हणजे त्याचा तीन वर्षांचा मुलगा. मी हसलो. तो हसला नाही.

"मी त्याचा बापूस हाय, भाऊ. पावना नाय."

त्याचं त्याच दिवशी हिराशी बोलणं झालं होतं. दिवाळीत ती पोरांना घेऊन इथं चार दिवस राहून गेली होती, आणि चारही दिवस पोरं भिंतीकडे बघून रडली होती. हिरानं आता अट घातली. शाळा उघडायच्या आधी, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती येणार, आठ दिवस राहणार. पोरं आपणहून रमली तर मोठ्या ठकीचं नाव बोईसरच्या शाळेत घालायचं. नाही रमली तर दांडीच्या शाळेत, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

"म्हंजे खोली सजवाय पायजे," एकनाथ म्हणाला. "वयनीकडं ती पुस्तकं हायत ना?"

सौ.नं उदार मनानं सदराची सहा कात्रणं दिली. एकनाथनं ती दोन दिवस वाचली आणि तिसऱ्या दिवशी विचारायला आला.

"भाऊ, मखमलीचे उरलेले तुकडे म्हंजे कशातनं उरलेले?"

मखमल उरण्यासाठी आधी असावी लागते, हे त्या बाईंच्या लक्षात आलेलं नव्हतं. पुढे "भिंतीवर छोटे खिळे ठोकून" असं वाक्य होतं. तिथे तर सगळंच खुंटलं. आमच्या मालकीणबाईंचा, गोजराबाईंचा, एकच कायदा होता: भिंतीला खिळा मारायचा नाही. भाडं चार दिवस उशिरा दिलं तर त्या फक्त बोलायच्या; खिळा दिसला तर बिऱ्हाड रस्त्यावर. महिन्यातून एकदा त्या प्रत्येक खोलीत येऊन भिंतींवरून हात फिरवत जायच्या, गुरं विकत घेणारा पाठीवरून फिरवतो तसा.

"मंग आमच्या रीतीनं करतो," म्हणून एकनाथ उठला.

पुढच्या सुट्टीला तो दांडीहून परतला तो दोन पोती आणि एक डबा घेऊन. पोत्यांतून जुनं जाळं निघालं, फाटकं शीड निघालं, जाळं पाण्यावर तरंगत ठेवणारे लाकडी गोळे निघाले, मोडकं वल्हं निघालं. चाळीच्या बायका ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या.

"सामान आणलंत का भंगार, एकनाथभाऊ?" आमच्या सौ.नं विचारलं. तीन पायांच्या कुत्र्याच्या मालकिणीला हे विचारायचा हक्क होता.

एकनाथनं एकही खिळा न मारता खोली उभी केली. वाशांना दोर बांधले, दोरांना जाळं ताणलं, आणि खोलीच्या एका कोपऱ्यात चार पोरं मावतील एवढी झोळी झाली. शिडाचा पडदा झाला, दोरानं टांगलेली एक फळी झाली. गोळ्यांची माळ दारावर आली, त्याच्या कपाळाच्या बरोबर उंचीवर. गाठी अशा मारल्या होत्या की मी लोंबकळून पाहिलं तरी वासा तेवढा कुरकुरला. खरं सांगायचं तर मला थोडा मत्सर वाटला, म्हणून मी म्हणालो, "बरं आहे. पण भिंती उघड्याच आहेत."

ही माझी चूक. पुढची त्याची.

डब्यात निळा रंग होता, होडी रंगवून उरलेला. होडीच्या बुडापुरता रंग खोलीच्या चार भिंतींना कसा पुरणार? पण दांडीचा माणूस होडीच्या लाकडाला जे करतो तेच एकनाथनं भिंतीला केलं. बाटलीभर मुशीचं तेल त्यात ओतलं आणि चारी भिंती कंबरेपर्यंत निळ्या केल्या. मुशी म्हणजे लहान शार्क मासा. तिच्या काळजाचं तेल होडीला लावलं की लाकूड कुजत नाही, किडत नाही. वासाचं म्हणाल, तर होडी समुद्रात असते. समुद्र तक्रार करत नाही.

"अरे, पण भिंतीला का?" मी नाक धरून विचारलं.

"होडी पान्यात टिकते, भाऊ. भिंत तर कोरडीच हाय."

युक्तिवाद पक्का होता, वासही. मे महिना, कौलं तापलेली, आणि दुपारपर्यंत तो वास आठही खोल्यांत भाडेकरू होऊन राहिला. भिंती दिसायला मात्र सुंदर होत्या, असं लांबून बघणारे म्हणत. जवळ कोणी गेलं नाही. मांजरं गेली. शुक्रवारी तीन, शनिवारी सात आणि रविवारी सकाळी अकरा मांजरं एकनाथच्या दारात भजनी मंडळासारखी बसलेली होती. बोईसरात एवढी मांजरं आहेत हे कुठल्याच जनगणनेला कळलं नव्हतं.

शनिवारीच गोजराबाई आल्या. पदर नाकाला.

"तामोरे! चाळ हाय का सुकटीचा बाजार? मंगळवारपातूर वास गेला पायजे. नाय तर तू जा."

"खिळा येक मारला नाय, गोजराबाय," एकनाथ काकुळतीनं म्हणाला.

"खिळा परवडला असता रे!" त्या गरजल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य आम्ही पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं.

रविवारी हिरा आली. डोक्यावर दोरानं आवळलेलं बोचकं, त्यावर एक पिशवी, कडेवर जिव्या, हाताला सहा वर्षांची ठकी. झाडून सगळी चाळ कामं काढून ओट्यावर. कोणी लसूण सोलत होतं, कोणी कालचंच वर्तमानपत्र वाचत होतं. मीही वाचत होतो.

हिरा दारात थांबली. नाकपुड्या हलल्या. एकवार भिंती, एकवार मांजरं, मग नवरा.

"ओ ठकीचे बापूस," ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की आठव्या खोलीतून पहिलीत ऐकू गेलं, "मुशीचं तेल भितीला लावलात? उद्या कारखान्याला शीड लावाल!"

एकनाथ मान खाली घालून उभा. सगळी चाळ हसली. आमची सौ. तर लसूण टाकून हसली. त्याच्या जागी मी असतो तर त्याच एस.टी.नं समुद्रात गेलो असतो.

पण ठकी आत शिरली होती. तिनं मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "आये, आजाच्या होडीचा वास!" आणि थेट जाळ्यात उडी. जिव्या कडेवरून घसरला, मांजरांत जाऊन बसला. दिवाळीत रडून भिंती भिजवणारी हीच पोरं.

हिरानं बोचकं कोपऱ्यात ठेवलं. सोडलं नाही. दोरही ढिला केला नाही. एकनाथचं लक्ष पुढचे आठ दिवस पोरांपेक्षा त्या दोरावर जास्त होतं. रोज पाळीवरून आला की आधी कोपऱ्यात बघायचा. दोर बांधलेलाच. हिरा वरच्या पिशवीतलेच कपडे काढायची.

सोमवारी मात्र तिनं पदर खोचला. चुलीवर पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, चुलीची राख घेतली, नारळाच्या शेंड्या घेतल्या. "तेल काडायचं तर असं काडतात," नवऱ्याला सुनावलं. "होडीचं आयुक्ष वाढवाय शिकलात, घराचं नाय शिकलात." आणि पोरांना म्हणाली, "चला, होडी धुवायची!"

झालं. ठकीनं सगळ्या चाळीच्या पोरांना आवतण दिलं. दहा पोरं शेंड्या घेऊन भिंतीला भिडली. पाणी, राख, आरडाओरडा. आमचा चिरंजीव नखशिखान्त काळा होऊन परतला, तो शोकेसच्या काचेसमोरून तिच्याकडे न बघता गेला. सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं वासानं.

रंग निम्मा गेला, निम्मा राहिला, आणि जिथे जिथे पोरांचा हात फिरला नव्हता तिथे निळ्याच्या लाटा उमटल्या. त्या लाटांत पोरांनी कोळशानं मासे काढले. एका माशाला चष्मा होता. तो मी, असं नंतर कळलं.

मंगळवारी गोजराबाई आल्या. चाळीनं पुन्हा लसूण काढला. त्यांनी दारातच हुंगलं. वास होता, पण आता सोड्याशी भांडत होता. मग त्या भिंतीवरून हात फिरवत निघाल्या. खिळा नाही. दुसरी भिंत. खिळा नाही. तिसऱ्या भिंतीपाशी होत्या, एवढ्यात जाळ्यातून जिव्या ओरडला,

"गोजरा, उतर खाली! जाडे, फळी मोडंल!"

ठकीनं अकराही मांजरांना चाळकऱ्यांची नावं दिली होती. त्यातली सर्वांत लठ्ठ, पिवळी मांजर फळीवर बसली होती. एकनाथचा चेहरा भिंतीसारखा झाला, अर्धा निळा अर्धा पांढरा.

गोजराबाई सावकाश वळल्या. "कोन गोजरा?"

जिव्यानं निरागसपणे बोट दाखवलं. "ती. सगल्यांचं खाती."

बाईंनी मांजरीकडे बराच वेळ पाहिलं. मांजरीनंही बाईंकडे पाहिलं; दोघींची बघण्याची तऱ्हा सारखीच होती.

"माझ्या नावाची हाय," शेवटी बाई म्हणाल्या, "तर वाटीभर दूध तरी घालत जा गो तिला, हिरा. सुकट कसली घालतेस!" आणि जाताना उंबऱ्यातून एकनाथला, "आठ दिवसांनी परत हुंगीन." हे त्यांचं माफीपत्र होतं. चाळीत यापेक्षा गोड भाषेत कोणालाच मिळालेलं नव्हतं.

पुढचे पाच-सहा दिवस त्या खोलीत काय चाललं याची मला फक्त आवाजावरून कल्पना आहे. शिडाच्या पडद्याची होडी झाली, मोरीचं बंदर झालं, मोडक्या वल्ह्यानं कोणाचं तरी डोकं सुजलं. उरलेल्या सात खोल्या मुलांविना स्वच्छ, टापटीप आणि मासिकातल्यासारख्या दिसत होत्या. भयंकर दिसत होत्या.

पुढच्या सोमवारी, ठरलेल्या दिवशी, एकनाथ पहिली पाळी करून आला. मी ओट्यावरच होतो. तो दारात वाकला, आत कोपऱ्यात पाहिलं आणि तसाच थांबला. बोचकं होतं. दोर नव्हता. लुगडी, झबली, परकर सगळे फळीवर घड्या होऊन बसले होते, गोजरा मांजरीला बाजूला सारून.

"दोर कुटं गेला?" त्यानं विचारलं.

"कुटं म्हंजे?" हिरा भाकरी थापताना वळलीसुद्धा नाही. "एका झोळीत धा पोरा मारामारी करतात. दुसरा झोपाळा बांदला. आन गाठ तुमच्यापेक्षा बरी हाय, बगून घ्या. उद्या ठकीला शालेत न्या, दाकला पिशवीत हाय."

म्हणजे ठकीचा जन्मदाखला पहिल्या दिवसापासून पिशवीत होता. आठ दिवस तिनं त्या सहा फुटी माणसाला दोराकडे बघत ठेवलं होतं.

नव्या झोपाळ्यातून जिव्यानं पाय झाडले. "बा! जोरात दे!"

एकनाथ इतक्या झटकन सरळ झाला की दारावरची लाकडी गोळ्यांची माळ त्याच्या कपाळावर खाडकन आपटली. त्याला ते कळलंही नाही. तो झोका देत होता.

संध्याकाळी ठकी आमच्याकडे ताट घेऊन आली. तळलेले बोंबील. वर झाकायला आमचंच कात्रण होतं, 'कमी खर्चात टुमदार घर', लेखिकाबाईंच्या फोटोसकट. तेलानं बाईंचा चेहरा पारदर्शक झाला होता आणि मागच्या समयाही दिसेनाशा झाल्या होत्या. सौ.नं ताट ठेवलं, हात पुसले, कमरेची किल्ली काढली आणि चिरंजीवाला म्हणाली, "जा, ती द्राक्षं ने मांजरांना खेळायला."

कुत्रा मात्र तिनं ठेवला.