दुसरा क्लॅम्प डिक्कीतच राहिला

राव, सुतारकामात वीस वर्षं गेली, तरी आज नवशिक्यासारखी चूक केली.

सकाळी बोरी बुद्रुकला एका काकूंच्या घरी कपाटाचं दार कापत व्हतो. प्लायवर सरळ पट्टी ठेवायची आणि तिला टेकवून कटर चालवायचा, म्हणजे काप वाकडा जात नाय. पट्टी हलू नये म्हणून दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळावा लागतो. मी एकच लावला. दुसरा गाडीच्या डिक्कीत व्हता.

काकू म्हणाल्या, "भाऊ, मी धरते की हे टोक."

आणि मी "धरा" म्हणालो.

निम्मा काप झाला आन् पट्टी सरकली. कटर उसळून थेट काकूंच्या हाताकडं गेला. बटण सोडून पाहिलं तर प्लायवर हिरव्या काचा. काकूंनी हात पदरात गुंडाळलेला. माझी बघायची हिंमत होईना.

"दाखवा," कसंबसं म्हणालो. त्यांनी हात पुढं केला. एकेक बोट मोजलं. पाच.

"बांगडीच फुटली फक्त," मी म्हणालो.

"फुटली म्हणू नये भाऊ, वाढली म्हणावं," काकू हसल्या. पण पट्टीपासून दोन पावलं मागं सरकल्या.

डिक्की वीस पावलांवर व्हती.

सुतार भावांनो, तुमच्या पट्टीचं दुसरं टोक आज कुणी धरलं व्हतं?