बर्फाच्या गाडीनं माझा पदर वढला

सगळ्यात आधी शेजारची मंगल आली, पावणं यायच्या आधीच पावणं बघायला. मागनं हिमाचलातल्या मनालीची दोघं पोरं आली, टेंपोत बर्फावर पळायची गाडी घालून, तिचं इंजिन सुधारून घ्यायला. आमची नात पल्लवी शिरोलीच्या कारखान्यात इंजिनाचं काम करते. तिनं त्या गाडीला हवा आत घ्यायची नळी घरीच केलीया, न्हाणीच्या पायपाची, स्वस्तातली. मला लई कौतिक, म्हणून वाकून बघत हुते.

तिनं गाडी चालू केली आन् माझ्या डोक्यावरचा पदर सर्रकन नळीत गेला. गळाच आवळला की. नळीचं तोंड बंद झाल्यानं इंजिन गप पडलं, म्हणून वाचले.

मंगल म्हणते, "आक्का, गाडीलाबी तुझंच लुगडं आवडलं व्हय?" पल्लवी मात्र पांढरीफटक.

मी म्हटलं, "बाई, हितं पदर वढला, तिथं बर्फ वढंल. डोंगरात बंद पडली तर ही पोरं घरला कशी जायची?"

तिनं माझी पिठाची चाळण कापून जाळी नळीच्या तोंडाला बसवली.

बायांनो, तुम्ही यंत्राजवळ जाताना पदर खोचता का न्हाय?

पोरं गाडी घिऊन गेली. बर्फात चालवून बघून शिमग्याला परत येतो म्हणाल्यात.