सदतिसाव्या पानावरचा ठिपका

पुस्तकांचा धंदा म्हणजे मवाळ माणसांचा धंदा, असं म्हणणारा कुणी भेटला ना, की त्याला आधी ठिपकेवाल्याचं तोंड दाखवावं. उजव्या भुवईवर चार टाके आहेत, ते एका लेखकाच्या पेपरवेटचे. त्या लेखकाला यानं एवढंच सांगितलं होतं, की वर्षभरात तुमच्या पुस्तकाच्या बेचाळीस प्रती खपल्या आणि त्यातल्या तीस तुमच्या सासऱ्यांनी घेतल्या. डावं मनगट जरा वाकडं बसलंय, ते शाळेच्या गाईडांच्या भांडणात. दोन कंपन्यांचे विक्रेते दुकानात एकमेकांना स्टुलानं बडवत होते, आणि हा शहाणा मधे उभा राहून विचारत होता, "आधी कुणाचं गाईड पुढे मांडलं होतं?" मग काय, तिसरं स्टूल याच्यावर पडलं.

ठिपकेवाल्याचं काम वाचनाच्या बाजाराची पाहणी करण्याचं. कोणत्या गल्लीत काय वाचतात, कोण विकत घेतं, कोण मागून नेतं आणि गिळून टाकतं, हे तो तीस वर्षं फॉर्मांवर भरत होता. पहिल्या दोन वर्षांतच त्याला कळून चुकलं, की पुस्तकाबद्दल कुणीही खरं बोलत नाही. "रोज तासभर वाचतो" म्हणणाऱ्याच्या कपाटाची काच चिकटून बसलेली असते, उघडता उघडत नाही. दुकानदार म्हणतो दोनशे गेल्या, प्रकाशक म्हणतो दोन हजार. शेवटी वैतागून त्यानं स्वतःची पद्धत काढली.

दुकानात जायचं, पुस्तक घ्यायचं, सदतिसावं पान उघडायचं, शिवणीजवळच्या कोऱ्या पट्टीत काळ्या पेन्सिलीनं दाबून एक ठिपका द्यायचा आणि शेजारी मुंगीएवढा दुकानाचा आकडा. सदतिसावंच का? कारण पहिली पानं लोक उभ्या उभ्या चाळतात, शेवटची आधीच वाचून मोकळे होतात. सदतिसाव्याच्या वाट्याला कुणी जात नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा जायचं. ठिपक्याची प्रत तिथंच असली, तर ती खपली नाही. दुकानदार छाती ठोकून काय वाटेल ते सांगो. "प्रत खोटं बोलत नाही," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना जरा फुगायचाच. त्याच्या ताईनं त्याला कितीदा टोकलं होतं, "मोठा आलाय ठिपकेवाला! कुंकू लावल्यासारखा पुस्तकांना ठिपके लावत हिंडतो."

ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊजींचं, पुस्तकांचं छोटं दुकान होतं. भाऊजींचं अक्षर सुंदर. लोक भेट द्यायला पुस्तक घेत आणि पहिल्या पानावर नाव भाऊजींकडूनच लिहून घेत. काही जण तर म्हणत, पुस्तक कुठलंही द्या हो, पण लिहून तुम्हीच द्या. सगळं दुकान त्या उजव्या हातावर उभं होतं म्हटलं तरी चालेल.

आता मालकांबद्दल. शहरातले सगळ्यात मोठे प्रकाशक. आवाज कधी चढवत नसत. हात मात्र उगारला की खाली यायचाच. चोरून छापलेली पुस्तकं विकणाऱ्या एका फुटपाथवाल्याचा पाय त्यांच्या माणसांनी भर दुपारी मोडला होता, आणि मालक समोरच्या पानटपरीजवळ उभे राहून बघत होते. मारझोडीचं काम त्यांचा धाकटा भाऊ बघायचा. तोच गोदामही सांभाळायचा. सगळे त्याला धाकटा म्हणत, चाळिशी उलटली तरी.

त्या महिन्यात मालकांची नऊशे पानांची रहस्यकादंबरी शुक्रवारी बाजारात यायची होती. दहा दिवस आधी निवडक वीस दुकानांना एकेक नमुना प्रत दिली गेली. ती विकायची नाही, बाहेर दाखवायची नाही, तिच्यावर मागणी नोंदवायची आणि प्रत गोदामात परत करायची. कुठं किती मागणी येते ते बघायचं काम ठिपकेवाल्याला मिळालं. त्यानं वीसही प्रतींवर ठिपके दिले. दुकानांना आकडे मालकांच्याच यादीतले दिले, कोण उगाच दुसरी यादी करत बसणार? ही पहिली चूक. दुसऱ्या फेरीत प्रत्येक दुकानात एक प्रश्न विचारायचा असतो, "प्रत परत गेली का?" एकोणीस ठिकाणी त्यानं तो विचारला. सातव्या दुकानात मात्र ताई चहा घेऊन आली, भाऊजींनी गप्पा काढल्या आणि तो रकाना कोरा राहिला. घरचंच दुकान, तिथं कसला फॉर्म!

आणि सोमवारी, अजून चार दिवस बाकी असताना, कादंबरी फुटपाथवर आली. अर्ध्या किमतीला, ढिगानं.

मंगळवारी दुपारी दोन वाजता मालकांनी ठिपकेवाल्याला बोलावलं. धाकटा खिडकीपाशी उभा होता, दारात त्याची दोन माणसं. मालकांनी एक चोरटी प्रत टेबलावरून सरकवली.

"बघ. आमच्या पुस्तकाचे फोटो काढून छापलंय. वीसपैकी कुणीतरी प्रत दिली. कोण असेल?"

ठिपकेवाल्यानं प्रत उचलली आणि सवयीनं, अगदी न बघता, सदतिसावं पान उघडलं. बघतो तर काय! शिवणीजवळ ठिपका. पेन्सिलीचा नव्हे, छापलेला. फोटो काढताना तोही आला होता आणि प्रत्येक प्रतीत उमटला होता. तीस वर्षांत याच्या कामाचं कुणी कौतुक केलं नव्हतं, आणि आज त्याचा ठिपका हजारो प्रतींत छापून आला होता. त्याला इतका आनंद झाला, की जीभ सैल सुटली.

"अहो मालक, हा माझा ठिपका! माझा! आणि शेजारी आकडा पण आलाय. सात!"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं.

मालकांनी मान वळवली. यादी त्यांच्या पाठीमागे भिंतीवरच लावलेली होती. सातव्या ओळीत भाऊजींच्या दुकानाचं नाव.

"मालक, थांबा. आकड्यावरून एवढंच कळतं, की प्रत त्या दुकानात होती. पुढे..."

"पुढे काय?"

पुढे काय, ते त्याच्याकडे नव्हतं. रकाना कोरा होता. धाकटा दाराकडे निघाला, तसा हा आडवा गेला, त्याच्या शर्टाला लोंबकळला. "ते माझे भाऊजी आहेत हो! देवमाणूस आहे!" धाकट्यानं टेबलावरची प्रत उचलली आणि नऊशे पानांची ती वीट कण्याच्या बाजूनं याच्या तोंडावर हाणली. पहिल्या फटक्यात ओठ फाटला, दुसऱ्यात पुढचा दात हातात आला. हा खाली पडला, त्याच्या अंगावरून पाय देऊन तिघं गेले. मालक म्हणाले, "तोंड धू जा, रक्त सांडतंय."

पडत धडपडत तो धावला. रस्त्यात लोक बाजूला होत होते. मेल्या, जरा जिभेला हाड असतं तर, असं स्वतःलाच शिव्या देत धावत होता. पण ते गाडीतून गेले होते, आणि हा पायी.

तो पोचला तेव्हा समोरची दुकानं बंद झाली होती. माणसं मात्र बघायला उभी होती. भाऊजींना त्यांच्याच उंबऱ्यावर पालथं पाडलं होतं, एक जण पाठीवर बसला होता. दुसऱ्यानं ताईचा हात पिरगाळून तिला कपाटाशी दाबून धरलं होतं. भाऊजींचा उजवा हात शटरच्या पट्टीवर ताणून ठेवलेला. आणि धाकट्यानं शटर खाली ओढलं.

तो आवाज ठिपकेवाल्याला अजून झोपू देत नाही. भाऊजी ओरडले नाहीत, नुसते हुंकारले, मार खाल्लेल्या बैलासारखे. धाकट्यानं शटर वर केलं, हात नीट ठेवला आणि पुन्हा ओढलं.

"कोणत्या छापखान्यात दिलीस?"

"कुणालाच नाही," भाऊजी म्हणाले.

"चार वाजेपर्यंत नाव पाहिजे. नाहीतर दुकान पेटवतो. तू आत असताना." धाकट्यानं पुस्तकांचं एक कपाट ओढून आडवं पाडलं आणि तिघं निघून गेले.

ताईनं टॉवेलात हात गुंडाळला. टॉवेल लगेच लाल झाला. भावाचं फुटलेलं तोंड बघून ती म्हणाली, "अरे, तुलाही मारलं मेल्यांनी?" त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं सगळं सांगून टाकलं. ताई त्याच्याजवळून दोन पावलं मागे सरकली.

"भाऊजी, पण ती प्रत आहे कुठं?"

भाऊजींचे दात वाजत होते. "ती... ती तर मी तिसऱ्याच दिवशी परत केली. चिठ्ठी आहे. खालच्या खणात."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठं?"

चिठ्ठी होती. गोदामाचा शिक्का, तारीख, आणि खाली धाकट्याची सही. ज्या माणसानं प्रत परत घेतली होती, त्यानंच भाऊजींचा हात चेचला होता! ताईला आणि भाऊजींना रिक्षात घालून त्यानं दवाखान्याकडे पाठवलं आणि चिठ्ठी छातीशी धरून गोदाम गाठलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजत होते.

मालक गठ्ठे मोजून घेत होते. धाकटा नळावर हात धूत होता. मालकांनी चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा वाचली.

"सही तुझी आहे."

"अशा पन्नास सह्या मी रोज करतो, दादा," धाकटा म्हणाला. "परत आलेलं पुस्तक त्या टेबलावर पडतं. कुणीही उचलेल."

हे खरं होतं. ठिपकेवाल्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गोदामात अकरा माणसं काम करत, वर येणारे जाणारे वेगळे. प्रत गोदामापर्यंत आली, एवढंच चिठ्ठी सांगत होती. तिथून ती कुणी नेली, ते ना चिठ्ठी सांगत होती, ना ठिपका.

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. "यानं दिली?"

त्यानं धाकट्याच्या ओल्या हातांकडे पाहिलं.

"मघाशी तुझी खात्री होती. आता नाही का? नसेल तर तसं सांग. मग आपलं सातव्या दुकानाचंच बोलणं चालू ठेवू."

घड्याळाचा काटा दिसत होता. ताईचे दोन पावलं मागे सरकलेले पाय दिसत होते. माहीत नाही, एवढे दोन शब्द बोलायचे होते. तीस वर्षं ज्या रकान्यात माहीत नव्हतं, तिथं त्यानं तसंच लिहिलं होतं.

"यानंच," तो म्हणाला.

"कशावरून?"

"प्रत खोटं बोलत नाही, मालक."

गठ्ठे आवळायचा लोखंडी शिकंजा कोपऱ्यात होता, वर फिरवायचं चाक. मालकांनी धाकट्याला मानेला धरून तिथं नेलं. धाकट्याला आधी थट्टाच वाटली, तो हसला. "दादा, काय करताय? दादा, मी नाही हो. आईची शपथ, मी नाही." दुपारी लोकांची हाडं मोडणारा तो दांडगा माणूस बघता बघता रडायला लागला. त्याच्या दोन्ही माणसांनी नजर जमिनीला लावली, जवळ कुणी येईना.

"तू धर त्याला," मालक ठिपकेवाल्याला म्हणाले.

आणि त्यानं धरलं. दोन्ही हातांनी खांदे दाबून धरलं. धाकट्याचे दोन्ही पंजे शिकंज्यात सारून चाक मालकांनी स्वतः फिरवलं, सावकाश, गठ्ठा आवळतात तसंच. धाकट्याची किंकाळी पत्र्याला जाऊन धडकली. चाक थांबलं नाही. तो निपचित पडल्यावरच ठिपकेवाल्यानं हात काढले.

दुकान वाचलं. भाऊजींची दोन बोटं गेली, उरलेली तीन वळत नाहीत. ताई पुन्हा बोलायला लागली. एकदा तर त्याचा हात धरून म्हणाली, "तू चिठ्ठी घेऊन धावलास म्हणून हे जिवंत आहेत." त्यानं हात सोडवून घेतला, पाणी प्यायचं निमित्त करून. धाकटा गोदामात परत आला नाही. तो त्यांच्या म्हाताऱ्या आईपाशी राहतो, जेवणही तीच भरवते म्हणतात.

चार महिन्यांनी मालकांची पुढची कादंबरी आली. या वेळी नमुना प्रती दुकानांना दिल्याच नव्हत्या. त्या गोदामाबाहेर पडल्याच नाहीत. शुक्रवारी प्रकाशन होतं. बुधवारी ठिपकेवाला फुटपाथवरून चालला होता आणि त्याचा पाय जागीच थांबला. ढीग लागला होता. त्यानं एक प्रत उचलली, सदतिसावं पान उघडलं. कोरं. हल्ली तो ठिपके देत नव्हता. प्रत विकत घेऊन त्यानं पिशवीत टाकली आणि तसाच भाऊजींकडे गेला.

भाऊजी डाव्या हातानं अक्षरं गिरवत बसले होते. पहिलीतल्या पोरासारखी वाकडी ओळ. एका गिऱ्हाईकानं लेकीसाठी पुस्तक घेतलं होतं, नाव लिहून हवं होतं. त्यांनी तीनदा कागदावर लिहून पाहिलं, मग गिऱ्हाईकाला म्हणाले, "तुम्हीच लिहा ना, तुमच्या हातचं लेकीला जास्त आवडेल." गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"काय रे, ती चोरी थांबली का शेवटी?"

"थांबली."

"म्हणजे तोच होता." भाऊजींनी तुटक्या बोटांवरून अंगठा फिरवला. "चला. निदान खरा चोर तरी सापडला. तुझ्या ठिपक्याचीच कमाल म्हणायची."

ठिपकेवाल्यानं पिशवी पायानं टेबलाखाली सारली आणि ताईनं आणलेला चहा हातात घेतला.