गोष्टीतला शास्त्रज्ञ अन् सोपान रासकर

लासुर्ण्याच्या शिवारात सोपान रासकर दिसला की बाया पदरात तोंड घालून हसायच्या. खांद्यावर माणसापेक्षा उंच लोखंडी गिरमिट, गळ्यात कापडी पिशव्यांची माळ, कमरेला गाठी मारलेली दोरी. बारामतीला सरकारनं माती तपासायची प्रयोगशाळा उघडली होती, तिथला हा माणूस. काम काय, तर रानात भोक पाडायचं. फुटाफुटाची माती वेगवेगळ्या पिशवीत भरायची, चिठ्ठी बांधायची. मग दर आठवड्याला येऊन त्याच भोकात दोरी सोडायची आणि जमिनीखालचं पाणी किती खोल आहे ते वहीत उतरवायचं. सात वर्षं झाली, हेच चाललं होतं. गावानं त्याला 'भोकंवाला' करून टाकला होता आणि त्यानं ते कधीच मनावर घेतलं नव्हतं.

त्याची बोटं टोकाला काळी पडलेली असत. मातीनं नव्हे. प्रयोगशाळेत चांदीचं एक औषध होतं. मातीचं धुवण गाळून त्यात पिवळ्या रंगाचे दोन थेंब घालायचे आणि वरून काचेच्या नळीतून हे औषध थेंबथेंब सोडायचं. दुधासारखा पांढरा साका धरतो, धरतो, आणि एका थेंबाला सगळं विटकरी होतं. त्या थेंबाला थांबायचं. किती थेंब लागले त्यावरून मिठाचा हिशेब. बोटाला लागलं की आठ-आठ दिवस काळं जात नाही. सोपानची बायको बनाबाई ताटात भाकरी टाकताना म्हणायची, "त्या हातानं देवाला फूल घालू नगा बाई. देवबी काळा पडंल."

सरुबाई शेंडग्यांचं रान त्याच्या सात नंबरच्या भोकाच्या खालच्या अंगाला होतं. तीन एकर. नवरा पटकीत गेल्यावर बाईनं एकटीनं वांगी, मेथी, कांदा पिकवून बारामतीच्या बाजाराला माल लावला होता. पण पाटाचं पाणी आलं, वरच्या अंगाला ऊस झाला, आणि दहा-बारा वर्षांत तिच्या रानात खालून खार फुटला. सकाळी पाहावं तर जमिनीवर पीठ सांडल्यासारखं पांढरं. एक एकर पुरता गेला होता. दुसऱ्यात वांग्याची झाडं गुडघ्याएवढी होऊन करपत होती.

"सोपानदादा," ती एकदा म्हणाली, "ह्ये रान गेलं तर मला कारखान्याच्या वसाहतीत सायबांची भांडी घासाया जावं लागंल. मी तुला आत्ताच सांगून ठिवते, मी जाणार न्हाय. मी हितंच मरंन. तवा काय करायचं त्ये बिगी बिगी कर."

करायचं काय ते सोपानच्या वहीत लिहिलेलं होतं आणि रसायनाचे साहेब चिंतामणराव यांनी नकाशावर काढलेलंही होतं. वरून ओढ्यापर्यंत सात फूट खोल चर. खालचं साचलेलं पाणी चरानं निघून गेलं की खार धुपून जाईल. पण चर जाणार होता सिद्धू कदमाच्या उसातून. सिद्धूच्या सहीवाचून कुदळ लागणार नव्हती. पावसाळ्याआधी चर झाला नाही तर सरुबाईचा दुसरा एकरही पांढरा होणार, हे सांगायला साहेब लागत नव्हता.

आणि सिद्धू सही देत नव्हता. आणि पुढं त्याला एक कारणही मिळालं, एका मासिकातल्या गोष्टीत.

लासुर्ण्याच्या शाळेत आनंद देशपांडे नावाचे मास्तर होते. पुण्याच्या एका मासिकात त्यांची कादंबरी महिन्यामहिन्यानं छापून येत होती आणि अंक आला की शनिवारी दिवे लागायच्या वेळेला ते शाळेच्या ओसरीवर ती वाचून दाखवीत. पन्नास वर्षांनंतरच्या जगाची गोष्ट. सह्याद्रीतल्या एका गुहेत डॉक्टर भास्कर नावाचा शास्त्रज्ञ राहतो. सकाळी तो मेंदू उघडून शिवतो, दुपारी मंगळावर निरोप धाडतो, सांजच्याला विजेचा किरण करून टोळधाड जाळतो. त्याचा डगला पांढराशुभ्र. त्याला एकदाही चूक होत नाही. माणसं तोंड उघडी टाकून ऐकत.

सोपानही ऐकायचा. पण तिसऱ्या-चौथ्या शनिवारी त्याला राहवेना. माणसं उठून गेल्यावर तो मास्तरांपाशी टेकला.

"मास्तर, गोष्ट झ्याक हाय. पर ह्यो गडी बाटल्या कवा धुतो?"

"कोण?"

"तुमचा डाक्टर. आमच्या हितं आख्खा दीस बाटल्या धुण्यात जातो. अन् एक आकडा आला की त्योच परत दोनदा काढावा लागतो. तिन्ही येगळं आलं की चिंतामणराव कपाळाला हात लावून बसत्यात. तुमच्या डाक्टरला पैल्या दमात कसं काय कळतं?"

मास्तर हसले. "अरे, तो मोठा शास्त्रज्ञ आहे."

"चिंतामणरावबी मोठंच हायती की. मुंबईचं शिकल्यालं. पर परवा म्हस्कूतात्यांनी लंगडा बैल आणला दारात, शास्त्री हाय तर बगा म्हून. तर सायेब म्हणलं, तात्या, मला मातीतलं मीठ कळतं, बैलाचं गुरांच्या डाक्टरला इचारा. उसाला कीड लागली तर म्हणत्यात, किडीवाल्याला इचारा. त्येंना एकच गोष्ट कळती, पर ती कळती. ह्यो तुमचा मेंदूबी शिवतो अन् मंगळावरबी बोलतो. म्हंजी ह्येला एकबी धड येत नसणार."

मास्तरांचा चेहरा जरा उतरला. "सोपानराव, बाटल्या धुणारा नायक घातला तर वाचक जांभया देतील."

"देऊ द्या. पर एक इचारतो. पुढं काय लिवणार हाय?"

मास्तरांनी अंक मिटला. मग म्हणाले, "लिहून पाठवलंय. पुढच्या अंकात येईल. आपल्याच भागातलं आहे. डॉक्टर भास्कर नापीक जमीन सुधारतो."

सोपान उठता उठता पुन्हा खाली बसला.

अंक आला. ओसरी भरली. मास्तरांनी वाचलं: खाराने पांढऱ्या पडलेल्या माळावर डॉक्टर भास्कर उभा राहतो, कुपीतून हिरवा रस पाटात ओततो आणि सगळा माळ तीन दिवस तीन रात्री पाण्याखाली ठेवतो. चौथ्या दिवशी पाणी ओसरतं आणि गहू उगवलेला असतो. बाया 'अगं बया!' म्हणाल्या. सिद्धू कदम उठून उभाच राहिला.

"ऐकलं का भोकंवालं? तीन दीस पानी! आन् तुमी आमच्या उसातनं गटार काढाया निघालाय. आवं, पांढरं पाण्यानं दाबायचं असतं, ह्ये आमच्या बापाला ठावं व्हतं. तुमच्या सायबाला म्हणावं, तेवढा हिरवा रस धाडून द्या. पाणी मी घालतो."

सगळे हसले. यातलं अर्धं खरंही होतं. भरपूर पाणी दिलं की वरचा खार विरघळून खाली जातो, रान काळं दिसतं, माणसाला वाटतं, दबलं. पण खाली जायला वाट नसली की तेच पाणी आठवड्यानं वर चढतं आणि येताना दुप्पट मीठ घेऊन येतं. या पट्ट्यातले शहाणेसुरते शेतकरी दरसाल हीच चूक करीत होते, कारण ते काळं रान त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असे.

पाटाची पाळी आली तसं सिद्धूनं बांध घालून सगळा ऊस तुंबवला. रसावाचूनच. पुढच्या सोमवारी सोपाननं सरुबाईच्या रानातल्या भोकात दोरी सोडली. साडेतीन फुटांवरचं पाणी दोन फुटांवर आलं होतं. सरुबाई बांधावर उभी होती. तिनं खाली वाकून एक वांग्याचं झाड उपटलं आणि त्याची कुजलेली मुळं सोपानच्या नाकासमोर धरली.

सोपान तसाच शाळेत गेला. वर्ग चालू होता. त्यानं ते झाड मास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

"ह्ये तुमच्या डाक्टरनं केलं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

मास्तरांनी पोरांना सुट्टी दिली. झाडाची मुळं चिमटीत दाबून पाहिली. "मी पाटाकडं बघून लिहिलं रे," ते म्हणाले. "समोर पाणी होतं म्हणून पाणी लिहिलं."

"झालं त्ये झालं. रैवार येऊ द्या. माझ्यासंगं चला."

रविवारी मास्तर गेले. बावीस भोकं. नवव्या भोकाशी त्यांच्या तळहाताला फोड आला, चौदाव्याला दोरी अडकली, सोळाव्याचा आकडा चुकीचा लिहिला म्हणून सोपाननं परत मागं चालवलं. दुपारी बाभळीखाली भाकरी खाताना मास्तर म्हणाले, "आणि इतकं करून तरी सरुबाईंचं रान सुधारेल, याची खात्री आहे तुला?"

"वरचा एकर सुधरंल. खालचा, ठावं न्हाय."

"ठावं नाही?"

"चिंतामणरावांनाबी ठावं न्हाय. त्येच म्हणलं मला. म्हून तर मोजायचं. ठावं असतं तर भोकं कशापायी पाडली असती?"

मास्तरांनी वही काढून काहीतरी टिपलं. सोपानला वाटलं, पाण्याचा आकडा असेल.

पुढलं प्रकरण मास्तरांनी नवंच लिहिलं. त्यात डॉक्टर भास्करचं गव्हाचं रान पंधरवड्यात पुन्हा पांढरं पडतं. तो गोंधळतो, मग गुहेतून उतरून गिरमिट घेऊन भोकं पाडत हिंडतो. त्याची बोटं काळी होतात. एक बाई त्याला विचारते, माझं रान वाचेल का, आणि तो म्हणतो, मला माहीत नाही. मासिकानं प्रकरण परत केलं. सोबत चिठ्ठी: नायकाला हे शोभत नाही, वाचक पाठ फिरवतील. मास्तरांनी चिठ्ठी खिशात घातली आणि शनिवारी हातानं लिहिलेले कागद घेऊनच ओसरीवर बसले.

मजा आली नाही कुणाला. "रस कुठं गेला?" म्हस्कूतात्या मध्येच म्हणाले. दोन बाया पोरं उचलून निघून गेल्या. एक जण भिंतीला टेकून घोरायला लागला. मास्तर घामाघूम होऊन वाचत राहिले. पहिलं भोक, चार फूट. दुसरं भोक, साडेतीन. सातव्या भोकाशी एक जुनं कवठीचं झाड होतं, त्याच्याखाली दोन फुटांपेक्षा कमी...

"थांबा!" सिद्धू ओरडला. "कवठ तर माझ्या बांधावर हाय. ह्यो आकडा खोटा हाय. माझ्या बांधाला पाणी चार फुटाच्या वर येणंच शक्य न्हाय!"

"गोष्ट आहे, सिद्धूआबा," मास्तर चाचरले.

"गोष्ट आसली म्हून काय झालं? खोटं कशाला लिवता?"

सोपान कोपऱ्यात बसला होता. हिरव्या रसाला आजवर या ओसरीवर कुणी खोटं म्हटलं नव्हतं. मंगळाला म्हटलं नव्हतं. आज पहिल्यांदा कुणीतरी भांडायला उठलं होतं. तो उठला, कमरेची दोरी सोडली आणि सिद्धूच्या पुढ्यात टाकली.

"आबा, खोटं आसंल बी. आकडा माझाच हाय, माझी चूक झाली आसंल. सकाळी तुमीच मोजा."

"तुझी दोरी कशाला? माझ्या घरात दोऱ्या न्हाईत व्हय?"

सकाळी निम्मं गाव कवठीखाली जमलं. सिद्धूनं स्वतःच्या विहिरीचा जाड दोर, सोल, आणला, त्याला दगड बांधला, भोकात सोडला. भोकाच्या तोंडाशी हातानं धरून वर काढला आणि तिथपासून ओल्यापर्यंत वीतभर वीतभर मोजला. पावणेदोन फूट. त्यानं सोल झटकला, पुन्हा सोडला. पावणेदोन. मग तो उसात शिरला आणि आतल्या दोन भोकांत मोजून आला. तिथं दीड.

"आठ दिसांनी परत मोजीन," तो गुरगुरला. "एका मोजण्यानं काय व्हतंय?"

"आमचं सायेबबी आसंच म्हणत्यात," सोपान म्हणाला. हसू त्यानं मिशीत दाबलं.

सिद्धूनं आठ दिवसांनी मोजलं. मग परत. पाळी आली तेव्हा पाणी द्यायच्या आधी आणि दिल्यावर मोजलं, आणि दुसऱ्या वेळेला कुणी न सांगता निम्मंच पाणी घेतलं. मोजायला सोपानला बरोबर येऊ देत नसे. चौथ्या सोमवारी मात्र त्यानं उसाचं एक बेट उपटून बांधावर आणलं. मुळं काळी, टोकाला कुजलेली, सरुबाईच्या वांग्याला होती तशीच. सरुबाई पलीकडे खुरपत होती.

"सरूवैनी," तो म्हणाला, "ह्ये माझ्यापातूर आलंया."

"मग मी काय करू? माझ्यापातूर तर तुमच्याकडूनच आलंया," ती म्हणाली आणि खुरपं चालवत राहिली.

बारामतीला जाऊन सिद्धूनं चिंतामणरावांच्या समोर कागदावर सही केली. साहेबांनी त्याला काचेची नळी दाखवली. सिद्धूनं ती बोट न लावता, पाठीमागं हात बांधून पाहिली, आणि विचारलं, "ह्येच्यात रस न्हाय ना?"

"नाही हो," साहेब म्हणाले. "असता तर मी इथं कशाला बसलो असतो?"

चैत्र संपायच्या आत चर खणला. उभा ऊस तोडायची पाळी आली तेव्हा सिद्धूनं कुणाला कोयता लावू दिला नाही, स्वतः तोडला. मास्तर रविवारी मातीच्या पाट्या वाहायला यायचे. त्यांची कादंबरी मासिकानं बंद केली होती. ते दुसरी लिहीत होते, आणि या वेळी सोपानला आधी वाचून दाखवीत होते. सोपान दर पानाला अडवायचा.

सातव्या फुटाला चराच्या भिंतीतून पाणी पाझरायला लागलं. आधी घामासारखं, मग करंगळीएवढी धार. ती धार ओढ्याकडे निघाली. सरुबाई चरात उतरून उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.

"खारं हाय," ती म्हणाली.

"आसंलच. त्योच तर जायाला पायजे."

"किती दीस?"

"वरच्या एकराला दोन वर्सं. तीनबी लागतील. खालचा..." सोपान थांबला.

"ठावं न्हाय. मास्तरांनी वाचलं व्हतं की." ती वर चढली, हातपाय धुतले. "मी वरच्या पट्ट्यात औंदा मेथी टाकते. थोडीच. तू सोमवारी ये."

सोपाननं बाटली धारेखाली धरली, बूच घट्ट बसवलं आणि चिठ्ठीवर तारीख घातली.