मुलुंडच्या देवळाशी अदलाबदल

वडील आरे कॉलनीतल्या एका लहानशा मारुतीच्या देवळाचे पुजारी होते. ऐंशीच्या दशकातली काही वर्षं त्यांना एकच ध्यास होता, शहरातलं देऊळ मिळावं. इथे माझी आरती माणसांपेक्षा गोठ्यातल्या म्हशीच जास्त ऐकतात, हे त्यांचं रोजचं रडगाणं. शेवटी मुलुंडचे एक गुरुजी अदलाबदलीला तयार झाले आणि शनिवारी देऊळ बघायला येतो म्हणाले.

वडिलांनी आदल्या दिवशी सगळे गोठे पालथे घातले. आरतीला या, शिरा आहे. रवा भाजून भाजून माझे आणि आईचे हात भरून आले. शनिवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. वडिलांचा आवाज तर असा लागला की विचारू नका.

मुलुंडचे गुरुजी खांबाला चिकटून उभे होते. आरती संपताच चपला शोधायला लागले.

"आवडलं नाही का, गुरुजी?" वडिलांनी विचारलं.

"अहो, इथे जरा शांतता असेल म्हणून आलो होतो. एवढीच गर्दी हवी असती तर मुलुंड काय वाईट आहे?"

ते गेले, आणि अदलाबदल बारगळली. पुढच्या शनिवारी मात्र तीच माणसं पुन्हा आली आणि आमच्या स्वयंपाकघराकडे बघत आरती म्हणू लागली. वडील खूश. त्यांनी आत येऊन शिरा झाला का विचारलं.

आईने कढईतून मान वर काढली नाही. म्हणाली, "त्या गुरुजींच्या बायकोला विचारा. आम्ही दोघी करतो अदलाबदल."